कळ, पीळ आणि मुरडा : अंडाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरचे आतड्यांचे दुखणे

अंडाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नावाने एका लहानशा अवयवाची असली, तरी प्रत्यक्षात ती सगळ्या उदरपोकळीची शस्त्रक्रिया असते, आणि म्हणूनच तिच्यातून उठणाऱ्या स्त्रीला पुढचे कित्येक आठवडे ज्या अवयवाची क्षणोक्षणी आठवण होते, तो बहुधा काढून टाकलेला अंडाशय नसतो, तर जागच्या जागी राहिलेले आतडे असते. या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे दूरवर जाण्याआधी पोटातल्या पोटातच सांडतात. पोटाच्या आतल्या बाजूवर आणि आतड्यांवर जे पातळ, ओलसर अस्तर असते, ज्याला पर्युदर म्हणतात, त्यावर त्या रुजतात, आणि आतड्यांच्या पुढ्यात झालरीसारखा लोंबणारा जो चरबीचा पडदा असतो, ज्याला वैद्यकात ओमेंटम असे नाव आहे, त्यातही त्या हमखास घर करतात. त्यामुळे दोन्ही अंडाशय, बीजवाहिन्या, गर्भाशय आणि ओमेंटम काढणे हा शस्त्रक्रियेचा नेहमीचा भाग असतो, आणि डोळ्यांना दिसणारी एकही गाठ मागे राहू नये हे उद्दिष्ट असल्याने गरज पडल्यास पर्युदराचे पापुद्रे आणि आतड्याचा एखादा तुकडाही काढावा लागतो. त्यासाठी ओटीपोटाच्या खालच्या हाडापासून बेंबीच्या वरपर्यंत उभा छेद घेतला जातो, आणि सुमारे सहा मीटर लांबीचे लहान आतडे व दीड मीटरचे मोठे आतडे शल्यचिकित्सकाला वीत वीत पुढे सरकवत, दोन्ही अंगांनी उलटून, हाताने तपासावे लागते.

असे हाताळले जाणे आतड्याला मुळीच मानवत नाही. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन आणि त्याचा सहकारी मर्फी यांनी १९०६ मध्ये प्राण्यांवर प्रयोग करून, क्ष-किरणांच्या साहाय्याने अन्नाचा प्रवास पाहून दाखवून दिले, की शस्त्रक्रियेत आतडे हाताळले गेले की त्याची पुढे ढकलण्याची हालचाल मंदावते. आज या घटनेचे दोन टप्पे माहीत आहेत. पहिल्या टप्प्यात मज्जातंतूंच्या प्रतिक्षेपामुळे, म्हणजे मेंदूच्या इच्छेची वाट न पाहता होणाऱ्या आपोआप प्रतिसादामुळे, आतडे तत्काळ थबकते. दुसऱ्या टप्प्यात काही तासांनी त्याच्या भिंतीतील स्नायूंच्या थरात सूज येते आणि तीच थबकलेली अवस्था दिवसेंदिवस लांबवते. या अवस्थेला इलियस म्हणतात. साधारणपणे लहान आतडे एका दिवसात, जठर एक ते दोन दिवसांत आणि मोठे आतडे दोन ते तीन दिवसांत भानावर येते. मोठी शस्त्रक्रिया असेल तर याहूनही वेळ लागतो. वॉर्डात सकाळच्या फेरीला डॉक्टर आणि सिस्टर जो प्रश्न पहिल्यांदा विचारतात, तो म्हणजे ‘गॅस पास झाला का?’, आणि तो संकोचाने टाळण्याजोगा प्रश्न नाही, कारण वारा सरणे हीच मोठे आतडे कामाला लागल्याची सर्वांत साधी खूण असते.

या संदर्भात वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात डॅनव्हिल येथे इफ्रेम मॅकडॉवेल या शल्यचिकित्सकाने डिसेंबर १८०९ मध्ये जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या अंडाशयाची सुमारे दहा किलो वजनाची गाठ, भूल देण्याची कोणतीही सोय नसलेल्या त्या काळात, पोट उघडून काढली. त्याने नंतर लिहिलेल्या वृत्तांतानुसार छेद घेताच आतडी बाहेर मेजावर आली आणि शस्त्रक्रिया चालू असेतो, म्हणजे सुमारे पंचवीस मिनिटे, ती आत घालता आली नाहीत. पाचव्या दिवशी तो तिला पाहायला गेला तेव्हा ती स्वतःचे अंथरूण आवरत होती, आणि पंचवीस दिवसांनी ती घरी परतली. तिने इतक्या लवकर उठावे हे मॅकडॉवेलच्या सल्ल्यात बसणारे नव्हते. पुढील शंभराहून अधिक वर्षे रुग्णाला अंथरुणाला खिळवून, उपाशी ठेवून बरे करण्याचीच रीत चालू राहिली. ती मोडण्याचे मोठे काम डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात केले, आणि त्यांच्या विचारातून पुढे आलेल्या शीघ्र-पुनर्लाभ पद्धतीत पहिल्याच दिवशी खुर्चीत बसवणे, चोवीस तासांच्या आत थोडे खायला देणे, अफूजन्य वेदनाशामके कमीत कमी वापरणे आणि नाकातून जठरात घातलेली नळी विनाकारण न ठेवणे यांवर भर दिला जातो. जेवणाआधी किंवा नंतर साखरविरहित च्युइंगम चघळायला देण्याची युक्तीही याच विचारातली आहे. तोंडात चावणे सुरू झाले की अन्न येत असल्याची वर्दी मज्जातंतूंमार्फत आतड्याला मिळते आणि वारा सरण्याचा काळ काही तासांनी अलीकडे येतो, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. चालण्याने आतडी सुरू होतात असे सर्रास सांगितले जाते. त्याचा पुरावा त्या सांगण्याइतका भक्कम नाही, पण पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होणे आणि फुप्फुसात कफ साचणे हे दोन्ही धोके चालण्याने निश्चित कमी होतात, म्हणून चालायचे ते चालायचेच.

आता मूळ प्रश्न वेदनेचा. आतड्याला कापल्याची, भाजल्याची वेदना त्वचेसारखी जाणवत नाही. त्याला जाणवतो तो ताण. वायू किंवा मळ अडकून त्याची भिंत फुगली, किंवा अडथळ्यावर मात करण्यासाठी त्याचे स्नायू जोराने आवळले, की दुखते. शिवाय आतड्यांकडून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू मोजके आणि विखुरलेले असल्याने दुखण्याची जागा बोटाने दाखवता येत नाही. बेंबीभोवती हात फिरवून ‘इथे सगळीकडे’ असे सांगावे लागते. याउलट पोटाची भिंत, टाके आणि पर्युदराचे बाहेरचे अस्तर यांची वेदना नेमक्या जागी बोलते. हा फरक ओळखण्याचे साधन मराठी बोलणाऱ्या स्त्रीच्या तोंडी आधीपासूनच आहे, आणि ते तिने बिनधास्त वापरावे. कळ ही येते, चढते आणि ओसरते, म्हणजे ती पोकळ नळीच्या आवळण्याची वेदना असते. पीळ पडणे म्हणजे तेच अधिक तीव्रतेने. मुरड्याबरोबर शौचाची भावना असते, म्हणून तो मोठ्या आतड्याकडे बोट दाखवतो. गुबारा धरणे म्हणजे वायूने पोट ताणले जाणे. खोकताना किंवा कुशीवर वळताना उठणारी चमक ही सहसा टाक्यांची आणि स्नायूंची असते. आणि ठणका हा एका जागी, न थांबता चालणारा, बहुधा सुजेचा किंवा पू धरण्याचा असतो. उभ्या छेदाऐवजी दुर्बीण वापरून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर कित्येकींचा खांदा दुखतो. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूने श्वासपटल चाळवले जाते आणि त्या पडद्याचा मज्जातंतू मानेतून, खांद्याच्याच पातळीवरून निघत असल्याने मेंदू ती वेदना खांद्यावर लिहितो. पोटाच्या कातडीवर जी काळीनिळी दुखरी वर्तुळे दिसतात, ती रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपारिनच्या इंजेक्शनांची असतात आणि त्यांचा आतड्यांशी काहीही संबंध नसतो.

‘पोट दुखते’ या दोन शब्दांत हे सगळे भेद पुसले जातात, आणि उपचार तर या भेदांवरच ठरतात. पेटके थांबवणारी डायसायक्लोमीनसारखी गोळी घराघरात असते आणि ती कळ थांबवतेही, परंतु आतड्याची हालचाल मंद करणे हेच तिचे काम असल्याने मुळातच सुस्त पडलेल्या आतड्याला ती अधिक सुस्त करते, आणि अडथळा होऊ घातला असेल तर त्याची सूचना झाकून टाकते. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल ही अफूच्या कुळातील औषधे मेंदूतील ज्या ग्राहींवर म्हणजे औषध पकडणाऱ्या रेणूंवर बसून वेदना शमवतात, तसेच ग्राही आतड्यातही असतात, आणि तेथे बसल्यावर हीच औषधे मळाला कोरडा आणि स्थिर करतात. या औषधांची गुंगी काही दिवसांत अंगवळणी पडते. बद्धकोष्ठ मात्र अंगवळणी पडत नाही. म्हणून वेदनाशामकाची चिठ्ठी लिहिली जाते तेव्हाच त्याच्या जोडीला शौच सैल ठेवणारे औषध लिहिलेले आहे ना, हे विचारून घ्यावे. दुसरीकडे, आतड्यासाठी म्हणून वेदनाशामक मुळीच न घेता दात आवळून पडून राहणे हेही चूक आहे, कारण दुखणाऱ्या पोटाने खोल श्वास घेता येत नाही, उठता येत नाही आणि शौचाला बसण्याचीच भीती वाटते. पॅरासिटामॉल दुखू लागल्यावर न घेता डॉक्टरांनी आखून दिलेल्या वेळेला नेमाने घेतले, तर अफूजन्य औषधाची गरज बरीच कमी होते. सोसणे हा आपल्या घरांतील स्त्रियांच्या अंगी इतका मुरलेला गुण आहे की फेरीला आलेल्या डॉक्टरांना ‘बरं आहे’ एवढेच उत्तर मिळते, आणि रात्रभर आलेल्या कळा नातेवाइकांनाही दुसऱ्या दिवशी कळतात. या एका सवयीने होणारे नुकसान कोणत्याही औषधाने भरून निघत नाही.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहतो तो खाण्याचा. महाराष्ट्रातील घरांत गर्भाशय काढलेल्या स्त्रीला नकळत बाळंतिणीच्या जागी बसवले जाते. डिंकाचे लाडू होतात, अळिवाची खीर होते, वरून तूप वाढले जाते. त्यामागची माया खरी असते, पण शरीराची अवस्था वेगळी असते. बाळंतिणीचे आतडे कोणी तासन् तास हाताळलेले नसते. स्निग्ध पदार्थांनी जठर उशिरा रिकामे होते, डिंक आणि अळीव पाणी शोषून फुगतात, आणि अर्धवट जागे झालेले आतडे या भाराने ताणले जाऊन कळा येतात. पहिले दोन ते चार आठवडे कमी चोथ्याचे अन्न सोसते: मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, भाताची पेज, साल काढून शिजवलेला दुधी किंवा लाल भोपळा, पिकलेले केळे, अंडे, मऊ शिजवलेला मासा, ताजे ताक. उसळी, गवार, कोबी, फ्लॉवर, कच्च्या कोशिंबिरी आणि सालीसकट फळे यांना काही काळ थांबवावे आणि नंतर एका वेळी एकच पदार्थ, थोड्या प्रमाणात, परत आणावा, म्हणजे त्रास झालाच तर तो कशाने झाला हे समजते. दोन वेळच्या भरल्या ताटाऐवजी पाच-सहा वेळा वाटीवाटीने खाणे बरे. दुधाने गुबारा धरत असेल तर दुधातील साखर पचत नसल्याची शक्यता असते आणि दही-ताकाने तो त्रास कमी होतो. शहाळ्याचे पाणी उपयोगी पडते, कारण रक्तातील पोटॅशियम घटले तरीही आतड्याची हालचाल मंदावते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्या स्त्रीने ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

इसबगोलाची गोष्ट निराळी सांगावी लागते. तो निरुपद्रवी समजला जातो, परंतु पाणी कमी प्यायले गेले, अफूजन्य औषध चालू असले किंवा आतडे कुठे अरुंद झाले असले, तर त्याचा फुगलेला गोळा स्वतःच अडथळा होऊन बसतो. एरंडेल आणि तीव्र चूर्णे जोराचे मुरडे आणतात, आणि आतड्याचा तुकडा काढून टोके जोडलेली असतील तर त्या ताज्या जोडावर असा जोर नको. लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांसारखी औषधे आतड्यात पाणी धरून ठेवून मळ मऊ करतात, म्हणून या काळात बहुधा तीच निवडली जातात.

शौचाला बसण्याची पद्धतही वेदनेत भर घालते किंवा ती कमी करते. उकिडवे बसल्यावर गुदाशय आणि गुदमार्ग यांच्यातील कोन सरळ होतो आणि कुंथावे लागत नाही, हा भारतीय बैठकीचा खरा फायदा. पण पोटावर वीतभर टाके आणि पायांत अशक्तपणा असताना उकिडवे बसणे आणि उठणे जमत नाही. यावर साधा उपाय असा की कमोडवर बसून पायांखाली देवघरातल्यासारखा एखादा लाकडी पाट किंवा ठेंगणे स्टूल घ्यावे, गुडघे कमरेपेक्षा वर येतील इतके उचलावेत, कोपरे मांड्यांवर टेकवून किंचित पुढे झुकावे आणि एक लहान उशी किंवा घडी घातलेला टॉवेल छेदावर हलकेच दाबून धरावा. वेळ निवडावी ती सकाळी गरम चहा किंवा नाश्ता झाल्यानंतरची. जठरात अन्न पडले की मोठ्या आतड्यात आपोआप लाट उठते आणि ही लाट सकाळी सर्वांत जोरदार असते. गरम पाण्याच्या पिशवीने कळ ओसरते, परंतु छेदाभोवतीची त्वचा कित्येक महिने बधिर असते आणि चटका बसल्याचे कळत नाही, म्हणून पिशवी टॉवेलात गुंडाळून, छेदापासून दूर ठेवावी.

ज्या स्त्रीच्या गुदाशयाचा आणि त्याच्या वरच्या वळणदार आतड्याचा भाग काढून दोन टोके जोडलेली असतात, तिचा अनुभव वेगळा असतो. गुदाशय ही साठवणीची जागा असते. ती लहान झाली की शौचाला वारंवार, थोडे थोडे आणि एकदम घाईने जावे लागते, आणि एकदा जाऊन आल्यावर तासाभरात पुन्हा दोनदा उठावे लागते. हा जुलाब नव्हे, आणि तो जुलाब समजून त्यावर मनाने गोळ्या घेऊ नयेत. वर्षभरात बऱ्याच जणींची स्थिती सुधारते आणि श्रोणितळाचे म्हणजे कटीच्या तळाशी झोळीसारख्या असलेल्या स्नायूंचे व्यायाम त्याला हातभार लावतात.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत केमोथेरपी सुरू होते, बहुधा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल या दोन औषधांची, दर तीन आठवड्यांनी, आणि तिच्याबरोबर आतड्यांच्या त्रासाचा नवा अध्याय उघडतो. उलटी होऊ नये म्हणून दिले जाणारे ऑन्डान्सेट्रॉन स्वतः बद्धकोष्ठ करते, ही माहिती आधी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची कळ गोंधळात टाकत नाही. औषध चढवल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास रक्तातील पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात एनिमा किंवा गुदद्वारातून घालायची वडी वापरू नये, कारण तेथील बारीक ओरखड्यातूनही जंतू रक्तात शिरतात, आणि पोटदुखीबरोबर ताप १००.४ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८ अंश सेल्सियसला पोहोचला तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. काही जणींना बेव्हासिझुमॅब हे नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध दिले जाते. त्याने क्वचित आतड्याला छिद्र पडते आणि जखमाही उशिरा भरतात, म्हणूनच मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किमान २८ दिवस ते सुरू करीत नाहीत.

धोक्याचे चित्र इतर वेळीही ओळखता यावे असे स्पष्ट आहे: लाटांसारख्या येणाऱ्या कळा, हिरवट-पिवळी उलटी, तासागणिक ताठ होत जाणारे पोट, आणि वारा व शौच दोन्ही पूर्ण बंद. ही चारही लक्षणे एकत्र आली की तो आतड्याचा अडथळा समजावा. तोंडाने काहीही, अगदी रेचकसुद्धा, देऊ नये आणि रुग्णालयात न्यावे. येऊन-जाऊन असणारी कळ अखंड, असह्य दुखण्यात बदलली तर निकड आणखी वाढते, कारण आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असल्याची ती खूण असू शकते. आतड्याचा जोड असलेल्या स्त्रीला पहिल्या आठवडा-दहा दिवसांत ताप, धडधड आणि वाढते दुखणे यांचे त्रिकूट दिसले, तर जोडातून गळती होत नाही ना हे तातडीने तपासले जाते.

या सगळ्यापेक्षाही कमी बोलला जाणारा त्रास म्हणजे भीती. भारतात दरवर्षी ४५ हजारांहून अधिक स्त्रियांना या कर्करोगाचे निदान होते, आणि त्यांतील बहुतेकींचा आजार सुरुवातीला गॅस, अपचन, ॲसिडिटी अशाच वेषात आलेला असतो. महिनोन् महिने ओवा, सोडा आणि ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन झाल्यावर एका सोनोग्राफीत पोटातले पाणी दिसते. ज्या गुबाऱ्याने एकदा फसवले, तोच गुबारा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा जाणवला की मन तिकडेच धावणार, याला मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. पण पहिल्या काही महिन्यांतली बहुतेक आतड्यांची दुखणी ही बरे होण्याच्या प्रक्रियेतली असतात. अशा वेळी घाबरून सीए-१२५ ही रक्ततपासणी मनाने करवून घेण्यातही अर्थ नसतो, कारण तो पदार्थ चाळवलेल्या पर्युदरातूनही रक्तात येतो आणि नुसत्या शस्त्रक्रियेनेच त्याची पातळी काही आठवडे चढलेली राहू शकते. त्यापेक्षा दुधाचे खाडे ज्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मांडले जातात, तिच्याच चौकटीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात: दुखणे कोणत्या जातीचे होते आणि किती वेळ टिकले, शौच व वारा झाला का, आणि त्याआधी काय खाल्ले. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींतून दुखणे ओसरत चालले आहे की चढत चालले आहे हे डॉक्टरांना एका नजरेत दिसते, आणि चढत असेल, वजन उतरत असेल, पोटाचा घेर वाढत असेल, तर सीटी स्कॅन कधी करायचा हे ठरवणे सोपे जाते.

एक दुखणे मात्र उशिरा येते. पर्युदराला इजा झाली की शरीर तेथे फायब्रिनचा म्हणजे रक्त गोठवणाऱ्या चिकट तंतूंचा लेप लावते, आणि तो वेळेत विरघळला नाही तर आठवडाभरात त्याचे घट्ट पट्टे बनून आतड्याचे वेढे एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य स्त्रियांच्या पोटात असे चिकटलेपण राहते. बहुतेकींना त्याचा पत्ताही लागत नाही, पण काहींना जड जेवणानंतर एकाच बाजूला ओढल्यासारखी कळ येत राहते, आणि थोड्याजणींच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षांनीही एखाद्या पट्ट्यात आतड्याचा वेढा अडकून अडथळा होतो. तोवर गाव बदललेले असते, मूळ डॉक्टर भेटत नाहीत, आणि नव्या रुग्णालयातील शल्यचिकित्सकाला पोटावरच्या उभ्या वणाखेरीज काहीच दिसत नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डाची आणि शस्त्रक्रियेच्या टिपणाची एकेक प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून रेशन कार्डाच्या फाइलीत ठेवावी, आणि आतड्याचा तुकडा काढला होता का, जोड कोठे आहे, कोणते अवयव उरलेले नाहीत, हे त्यात लिहिलेले आहे याची खात्री रुग्णालयातून निघतानाच करून घ्यावी.